पहिला बर्फ आणि अठ्ठावन्न गाई

आमच्याकडे पहिला बर्फ पडला, की भारतातून फोन यायला लागतात. ‘फोटो पाठव गं,’ ‘व्हिडिओ कॉल लाव, पोरांना बर्फ बघायचाय.’ मीही हौसेने फोन खिडकीला लावते. झाडांवर, कुंपणावर, गाडीच्या टपावर सगळं पांढरं झालेलं असतं आणि तिकडून ‘काय मस्त!’ असं ऐकू येतं. दिसतं ते मस्तच. पण माझ्यापुरतं सांगायचं तर पहिला बर्फ म्हटलं की मला २०१९ चा नोव्हेंबर आठवतो, लाल रंगाचा एक लाकडी गोठा आणि त्यातल्या अठ्ठावन्न गाई.

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ग्रीन काउंटीत राहते. राजधानी मॅडिसनपासून दक्षिणेला गाडीने पाऊण तास. हे राज्य दुधाचं. गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा ‘अमेरिकेचा दुग्धप्रदेश’ अशा अर्थाचे शब्द छापलेले असतात. १८४५ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्लारुस प्रांतातून आलेल्या लोकांनी इथं न्यू ग्लारुस नावाचं गाव वसवलं आणि पुढे हा सगळा टापू चीजसाठी नावाजला. आजही राज्यातल्या दुधापैकी जवळपास नव्वद टक्के दुधाचं चीजच होतं.

माझी नोकरी सॉफ्टवेअरची. शहरातलं भाडं डोईजड झालं, तेव्हा ओळखीतून इथल्या एका शेतावरचं छोटं घर भाड्याने मिळालं. मालकांनी ते कधीकाळी आपल्या आईवडिलांसाठी बांधलेलं. घरापासून शंभर पावलांवर गोठा. माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं, एकटीच राहायचे. मालक सहासष्ट वर्षांचे. त्यांच्या घरात चार पिढ्यांपासून गाई. इथं कितीही मोठ्या माणसाला नावाने हाक मारायची पद्धत आहे, मला ते काही जमेना. मी त्यांना ‘आण्णा’ आणि त्यांच्या बायकोला ‘काकू’ म्हणायला लागले. अर्थ सांगितल्यावर दोघांनाही आवडलं. त्यांची खरी नावं इथं देत नाही, छापून आलेलं त्यांना खपणार नाही.

त्या वर्षी २५ ऑक्टोबरला वसुबारस होती. परदेशात आल्यापासून मी कागदावर गाय-वासराचं चित्र काढून पूजा उरकत असे. पण दारात खऱ्या गाई असताना चित्र कशाला? आण्णांना विचारलं, ‘एका गाईच्या कपाळाला कुंकू लावलं तर चालेल का?’ ते म्हणाले, ‘तिला चालणार असेल तर मला चालेल.’ गोठ्यातली सगळ्यांत गरीब गाय त्यांनी निवडून दिली. काळी-पांढरी होल्स्टीन, आपल्याकडे जिला एचएफ म्हणतात तीच. मी हळदकुंकू वाहिलं, गूळ चारला. तिने ताटलीतली फुलंही खाऊन टाकली. फोटो आईला पाठवला, तर आईचा लगेच फोन, ‘कास बघितलीस का तिची? किती दूध देती?’ दिवसाला तीस-बत्तीस लिटर म्हटल्यावर आई थोडा वेळ बोललीच नाही.

त्यानंतर सहाव्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला बर्फ आला.

तो हॅलोविनचा दिवस. भुताखेतांचे कपडे घालून पोरं घरोघर चॉकलेटं मागत फिरतात. त्या संध्याकाळी सगळी भुतं जाड कोट घालून फिरत होती. ऑक्टोबरात इथं चार पांढरे कण उडतात, ते नवीन नाही. पण त्या दिवशी रस्ता आणि अंगण पार झाकून गेलं. माझ्या ओट्यावर दिवाळीच्या पणत्या अजून होत्या, त्यांच्यात तेलाच्या जागी बर्फ भरला. आणि संध्याकाळी वासरांना दूध पाजून परतताना काकू रिकाम्या बादल्यांसकट घसरल्या. उजवं मनगट मोडलं.

गोठ्यातली वाटणी ठरलेली होती. धारा, वैरण आणि शेण आण्णांकडे, मदतीला दिवसाआड येणारा एक पोरगा. वासरं मात्र पूर्णपणे काकूंची. आता हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये म्हटल्यावर प्रश्न आला, वासरांचं कोण बघणार? मी म्हटलं, ‘सकाळी ऑफिसच्या आधी मी बघते.’ आण्णांनी माझ्याकडे बघितलं. ‘तू कॉम्प्युटरवाली ना?’ म्हणाले. मी म्हटलं, ‘कॉम्प्युटर नंतर शिकले. शेण काढायला आधी शिकले.’

त्यात काही खोटं नव्हतं. माझं गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. घरी कायम दोन-तीन म्हशी आणि एखादी गाय. शाळेत जायच्या आधी डेअरीत दूध घालून यायचं, दर दहा दिवसांनी बिल आणायचं. त्या बिलातूनच माझ्या वह्या आल्या आणि पुढे इंजिनिअरिंगच्या फीचा एक भागही. पण आपल्याकडची थंडी म्हणजे डिसेंबरात वासराच्या पाठीवर गोणपाट टाकायचं आणि गोठ्यात कोपऱ्यात शेणकुटाची धुरी करायची, एवढीच. इथलं सगळं मला नव्याने शिकावं लागलं.

सुरुवातीलाच घड्याळाने गोंधळ घातला. ३ नोव्हेंबरला इथं घड्याळं एक तास मागे गेली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा दिवस डोकेदुखीचा, कुठला तरी प्रोग्रॅम त्या रात्री हमखास चुकतो. पण गाईंना कोण सांगणार? त्यांची कास जुन्या वेळेलाच भरून येते. आण्णा आठवडाभर रोज दहा-दहा मिनिटं धारेची वेळ सरकवत होते. ‘सरकारने एका रात्रीत केलं ते मला सहा दिवसांत करावं लागतं,’ म्हणाले.

वासरं गोठ्याबाहेर, रांगेने मांडलेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या घुमटांत. प्रत्येकाचं वेगळं, म्हणजे एकाचा आजार दुसऱ्याला लागत नाही. इतकी लहान वासरं एवढ्या थंडीत बाहेर ठेवलेली पाहून मला पहिल्यांदा राग आला होता. काकूंनी गळ्यात अडकवलेला हात सांभाळत मला सगळं समजावलं. आत गव्हाच्या काडाचा एवढा जाड थर हवा, की वासरू बसलं तर त्याचे पाय दिसता कामा नयेत. पाय दिसले तर काड कमी पडलं. तीन आठवड्यांच्या आतल्या वासराला जाकीट. दूध कोमट नव्हे, आपल्या अंगापेक्षा जरा जास्त गरम. दिवसात दोनऐवजी तीन वेळा, कारण पोटात गेलेल्यातलं बरंचसं ऊब धरण्यातच संपतं. आणि दुधानंतर लगेच गरम पाणी. अर्ध्या तासात त्याच्यावर पापुद्रा धरतो, तेवढ्यात पिईल ते पिईल.

मग आण्णांनी त्यातलं गणित सांगितलं. पोटभर खाणाऱ्या, अंगाने कोरड्या आणि हिवाळी केस आलेल्या मोठ्या गाईला साधारण उणे ७ सेल्सिअसपर्यंत थंडीचा काही भार वाटत नाही. तिच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात चारा आंबत असतो, त्याची भट्टी दिवसरात्र चालू. नवजात वासराचा हा कप्पा अजून तयारच झालेला नसतो. त्याला १० ते १५ अंशांच्या खालीच थंडी वाजायला लागते. हे ऐकून मला आमच्या गोठ्यातलं गोणपाट आठवलं. पलूसला डिसेंबरच्या पहाटे १०-१२ अंशच तर असतात. आईने कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं, पण तिचं बरोबर होतं.

उलट उन्हाचं. या गाईंना २०-२२ अंशांच्या पुढेच उष्म्याचा त्रास सुरू होतो. आपल्याकडे मार्च ते मे एचएफ गाई का धापा टाकतात आणि दुधाला का कमी येतात, ते मला विस्कॉन्सिनच्या बर्फात उभं राहून कळलं.

११ नोव्हेंबरला पुन्हा बर्फ पडला आणि त्याच्या मागोमाग उत्तरेकडून थंडीची लाट आली. त्या लाटेने अमेरिकेच्या निम्म्याअधिक भागात त्या तारखांचे जुने नीचांक मोडले. १२ तारखेच्या पहाटे आमच्या अंगणातला थर्मामीटर ५ फॅरेनहाइट दाखवत होता, म्हणजे उणे १५ सेल्सिअस. इथल्या माणसाला उणे १५ चं कौतुक नाही, जानेवारीत याहून खाली जातं. पण ही थंडी दोन महिने आधी आली होती आणि शेतावर अजून कशाचीच तयारी नव्हती.

रात्री दोनला माझा फोन वाजला. एक पहिलटकरीण व्यायला लागली होती आणि काकूंचा हात कामाचा नव्हता. मी गोठ्यात पोचले तोवर वासरू खाली आलं होतं. कालवड होती. गोठ्याच्या आत अठ्ठावन्न गाईंच्या अंगाच्या उबेने पाणी गोठत नव्हतं, पण ओल्या वासराला तेवढी ऊब पुरत नाही. आम्ही तिला उचलून दुधाच्या खोलीत नेलं. दूध थंड करणाऱ्या बल्क कूलरचं यंत्र आपली उष्णता त्या खोलीत सोडतं, त्यामुळे शेतावरची सगळ्यांत ऊबदार जागा तीच. जुन्या टॉवेलांनी पुसलं, तरी पोटाखालचे केस ओलेच. मी घरी पळत जाऊन माझा हेअर ड्रायर आणला. आण्णांनी तोवर चीक काढला. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायची शक्ती जवळजवळ नसते, ती चिकातून मिळते. पहिल्या काही तासांतच आतडं ती नीट शोषून घेतं, दिवसभराने ते दार बंद होतं. साडेतीन-चार लिटर चीक बाटलीने पाजायला पाऊण तास लागला. चार वाजता कालवड स्वतःच्या पायावर उभी राहिली आणि माझ्या कोटाची बाही चोखायला लागली.

आता जाऊन झोपावं म्हणून दार उघडलं, तर आण्णा म्हणाले, ‘झोपून काय करतेस, साडेचारला धारा आहेत.’

त्या पहाटे एकामागून एक सगळं बंद पडत गेलं. बाहेरच्या वाड्यात वीसेक मोठ्या कालवडी आणि भाकड गाई होत्या. त्यांच्या पाण्याच्या टाक्यात हीटर सोडायचा राहिला होता. टाकं तळापर्यंत गोठलेलं. दुभती गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी पिते, भाकड जनावरालाही तीस-चाळीस लागतंच. मी बादल्या ओढायला लागले. त्या उजेडात मला दिसलं, की कालवडींच्या पाठीवर चार बोटं बर्फ साचलाय. मी घाबरून आण्णांना ओरडले. ते शांतपणे म्हणाले, ‘पाठीवरचा बर्फ वितळला नाही म्हणजे अंगातली ऊब बाहेर जात नाहीये. त्या बऱ्या आहेत. बर्फ वितळून अंग भिजलं, तर मला बोलव.’

मग शेण. गोठ्यात गाईंच्या मागच्या गटारीतून एक साखळी फिरते, ती शेण ओढत बाहेरच्या चढणीवर नेऊन गाडीत टाकते. बाहेरच्या चढणीवर शेण दगडासारखं गोठलं होतं. मोटर चालू केल्यावर मोठा आवाज झाला आणि साखळी तुटली. एक गाय दिवसाला पन्नास किलोच्या वर शेण-मूत टाकते. अठ्ठावन्न गाईंचं तीन टन. आम्ही दोघांनी फावड्याने आणि हातगाड्याने काढायला सुरुवात केली. मी ऑफिसला निरोप पाठवला, ‘आज येत नाही. कारण कौटुंबिक.’

सगळ्यांत मोठी अडचण अजून पुढेच होती. दुधाचा टँकर आमच्याकडे दिवसाआड यायचा आणि तो त्याच दिवशी यायचा होता. टाकीत दोन दिवसांचं दूध होतं. संध्याकाळची धार काढली, की टाकी भरून वाहणार. टँकर आला नाही तर दूध गटारात सोडायचं. गाई तर थांबत नाहीत. मुख्य रस्त्यावरचा बर्फ सरकारी गाडीने सकाळीच काढला होता. पण तिथून गोठ्यापर्यंत चढाचा आमचा खासगी रस्ता बर्फाने भरलेला आणि आण्णांचा ट्रॅक्टर चालू होईना. टाकीत अजून उन्हाळी डिझेल होतं. कडक थंडीत त्यातलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. हिवाळी डिझेल मिसळायचं काम नोव्हेंबरच्या शेवटी ठरलेलं.

दुपारी बाराला आण्णांनी शेजाऱ्याला फोन केला. हा शेजारी म्हणजे नऊशे गाईंचा मालक, लांबच लांब शेड, कामाला पंधरा माणसं. दोघांचं फारसं जमत नाही असं मला वाटायचं. वीस मिनिटांत त्याचा मोठा लोडर आला आणि त्याने रस्ता मोकळा केला. काही बोलला नाही, हात हलवून निघून गेला. अडीच वाजता टँकर चढ चढून आला. ड्रायव्हरला काकूंनी डाव्या हाताने कॉफी दिली.

गोठ्यात धारांच्या वेळी नेहमी रेडिओ चालू असतो. त्या संध्याकाळी बातमी होती, की डीन फूड्स या अमेरिकेतल्या सगळ्यांत मोठ्या दूध कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आमचं दूध तिच्याकडे जात नव्हतं. तरी आण्णा एका गाईचे सड पुसता पुसता थांबले. मग पुन्हा पुसायला लागले.

रात्री त्यांच्या स्वयंपाकघरात सूप आणि माझा दिवाळीचा चिवडा असं जेवण झालं. तेव्हा ते म्हणाले, ‘वसंतात गाई काढून टाकणार आहे.’

मी म्हटलं, ‘आजच्या दिवसामुळे असं वाटतंय. थंडी ओसरली, की बरं वाटेल.’

‘थंडीमुळे नाही,’ ते म्हणाले. ‘थंडीत काय करायचं ते मला माहीत आहे. साखळी तुटली तर जोडता येते.’

मग त्यांनी हिशेब सांगितला. २०१४ मध्ये शंभर पौंड दुधाला चोवीस डॉलरपर्यंत मिळाले होते. लिटरचा हिशेब केला तर पंचावन्न सेंट. त्या भावावर विसंबून त्यांनी कर्ज काढून कूलर आणि ट्रॅक्टर घेतला. पुढच्याच वर्षी भाव कोसळला आणि चार वर्षं लिटरला पस्तीस सेंटच्या आसपास रेंगाळला. २०१९ चा पावसाळी वसंत, त्यामुळे मका उशिरा पेरलेला, तो अजून रानात बर्फाखाली उभा. काढला तरी ओला, वाळवायला प्रोपेन लागतो. सगळ्या मध्य-पश्चिम अमेरिकेत एकदमच मागणी आल्यामुळे प्रोपेनचीही टंचाई. आता कुठे दुधाचा भाव चढायला लागला होता. पण मुलगा मिनिआपोलिसला विमा कंपनीत आहे, त्याला गाई नकोत. ‘पन्नास वर्षांत मी एकदाही सलग दोन दिवस धार चुकवलेली नाही,’ आण्णा म्हणाले. ‘आज फोन करून मदत मागावी लागली. उद्याही मागता येईल. रोज कशी मागणार?’

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांना आधीच माहीत होतं.

ते एकटे नव्हते. त्या एका २०१९ सालात विस्कॉन्सिनमधले आठशेच्या वर दुधाचे गोठे बंद झाले. २००४ च्या सुमारास राज्यात असे पंधरा हजारांवर गोठे होते, आज सहा हजारही उरलेले नाहीत. गंमत म्हणजे गाईंची संख्या जवळजवळ तेवढीच आहे, बारा-तेरा लाख. गाई कुठे गेल्या नाहीत, फक्त लहान गोठ्यांतून मोठ्या शेडमध्ये गेल्या.

त्या रात्री घरी येऊन मी आईला फोन लावला. तिकडे सकाळ होती. मला लाज वाटत होती आणि त्याला कारण होतं. त्याच ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला होता. सांगलीला पाणी ५७ फुटांवर गेलं, इशारे वगैरे सगळे मागे पडले. आमच्या गल्लीत पाणी शिरलं तेव्हा मी इथून ओरडत होते, ‘म्हशी सोड आणि बाहेर पड.’ आईने दावी कापली आणि दोन्ही म्हशी पुढे घालून ती माळावर गेली. तीन रात्री उघड्यावर काढल्या. वैरणीची गंजी वाहून गेली. मग दिवाळीच्या तोंडावर परतीच्या पावसाने उरलेला कडबाही कुजवला. तेव्हापासून प्रत्येक फोनवर माझं एकच, ‘विकून टाक. कशाला पाहिजेत? मी पैसे पाठवते ना!’ ऑफिसात सगळ्यांनी विचारलं होतं, ‘घरचे सुखरूप आहेत ना?’ आण्णांनी तेही विचारलं आणि लगेच पुढे, ‘आणि जनावरं?’ तेव्हा मला तो प्रश्न विचित्र वाटला होता.

आईला मी त्या दिवसाचं सगळं सांगितलं. तुटलेली साखळी, गोठलेलं टाकं, रात्रीची कालवड. तिने मध्येच विचारलं, ‘चीक पाजला न्हवं पहिल्यांदा?’ मग म्हणाली, ‘इकतोय म्हणं काय त्यो? का? थंडीनं?’

‘नाही. रोज उठणं होत नाही आता.’

ती जरा वेळ गप्प बसली. ‘व्हय. तसं आसंल तर इकावंच लागतंय,’ म्हणाली. ‘मला आजून हुतंय गं. न्हाई झालं की मीच सांगीन तुला. तू पैसं पाठवशील, खरं सकाळी उठून करू काय मी?’

त्यानंतर मी विकायचा विषय काढला नाही. पैसे पाठवले ते कडबाकुट्टी मशीन घ्यायला आणि शेण काढायला एक बाई लावायला. हा शहाणपणा ऑगस्टमध्येच सुचायला हवा होता.

तिसऱ्या दिवशीच्या चिकाचा मी खरवस केला. व्यायल्यानंतरचं सुरुवातीचं दूध टाकीत घालता येत नाही, वासरांना पाजून उरलेलं वाया जातं, हे ऐकून माझा जीव हळहळला होता. गूळ आणि वेलदोडा घालून वाफवला. गाईच्या चिकाचं असं काही करतात, हे त्या दोघांच्या कधी कानावर आलं नव्हतं. काकूंनी चमच्याच्या टोकाने चाखला. आण्णांनी तीन वड्या खाल्ल्या. म्हणाले, ‘पन्नास वर्षं मी हे वासरांना देत आलो!’

मार्च २०२० च्या पहिल्या आठवड्यात गाई गेल्या. बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता. त्या दिवशीही आण्णांनी पहाटे साडेचारला सगळ्या धारा काढल्या. विकत घेणाऱ्याने म्हटलं होतं, ‘तशाच चढवल्या तरी चालतील.’ पण भरल्या कासेने त्यांना प्रवास नको, म्हणून. ट्रकच्या तीन खेपा झाल्या. चाळीस गाई लोडरवाल्या शेजाऱ्याकडेच गेल्या, हे मला नंतर कळलं. आण्णा प्रत्येक गाय पट्टीवरून वर चढेपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून होते. शेवटची खेप गेल्यावर ते गोठा धुवायला लागले. मी वासरांचे रिकामे घुमट धुतले. रेडिओ चालूच होता.

महिन्याभरात करोनाने शाळा, हॉटेलं बंद झाली. दुधाला गिऱ्हाईक उरलं नाही आणि एप्रिलमध्ये राज्यात कितीतरी शेतकऱ्यांना दूध रानात ओतावं लागलं. भेटेल तो आण्णांना म्हणायचा, ‘वेळेवर सुटलात.’ ते मान हलवायचे. त्यांना ते ऐकायला आवडत नाही, एवढं मला समजायचं.

आता माझं लग्न झालंय. दहा मैलांवर आम्ही स्वतःचं घर घेतलंय. आण्णांची जमीन शेजारी खंडाने करतो. गोठ्याचा लाल रंग उडालाय. त्या रात्रीची कालवड त्यांनी विकली नव्हती. ती आणि तिच्याबरोबरच्या दोघी अशा तीन गाई काकूंच्या हट्टाने ठेवल्या. धार काढत नाहीत, वासरंच दूध पितात.

यंदा पहिला बर्फ पडला तेव्हा सकाळी सहाला आमच्या दारात ट्रॅक्टरचा आवाज आला. आण्णा आता बाहत्तर पार केलेले. आमच्या गाडीचा रस्ता साफ करून झाल्यावर त्यांनी काच खाली केली.

‘हिवाळी डिझेल घातलंत?’ मी विचारलं.

‘ऑक्टोबरातच,’ म्हणाले. मग नेहमीचा प्रश्न, ‘तुझ्या आईची म्हैस?’

आईकडे आता एकच म्हैस आहे. दुसरी गेल्या वर्षी तिने स्वतःहून विकली. सांगितल्याप्रमाणे आधी मला फोन केला होता.

‘व्याली परवा. रेडी झाली,’ मी म्हटलं.

‘तिकडे थंडी किती?’

‘पंधरा सेल्सिअस.’

त्यांनी मनात हिशेब केला. ‘मग वासराच्या पाठीवर काहीतरी टाकायला सांग,’ म्हणाले आणि काच वर केली.

मी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, ‘गोणपाट कवाच टाकलंय म्हणावं त्यास्नी.’